ओझे कशासाठी वाहायचे?

"याचा उपयोग काय?" हा प्रश्न आपल्या घरांत वरचेवर विचारला जातो. मुलगा बारावीनंतर भूगर्भशास्त्र शिकायचे म्हणाला की वडील तो विचारतात. मुलगी सुटीच्या दिवशी पक्ष्यांच्या नोंदी ठेवू लागली की शेजारी तो विचारतात. प्रश्न वाईट नाही. ज्या घरात महिन्याची मिळकत मोजूनमापून खर्च करावी लागते, त्या घराला तो टाळता येत नाही. आम्ही स्वतः तो इतरांना विचारला आहे, आणि आम्हांलाही तो विचारण्यात आला आहे. तरीही प्रत्येक वेळी काहीतरी सुटून गेल्यासारखे वाटत राहिले. श्रम उपयोगाच्या तराजूत तोलावेत हे ठीक. पण तो तराजू कोणाच्या हाती असावा, आणि तोलण्याची वेळ कोणती?

या प्रश्नाचा विचार करताना आमचे मन वारंवार पृथ्वीच्या दक्षिण टोकाकडे, अंटार्क्टिकाकडे, जात राहिले. याला कारण आहे. त्या भूखंडावर शेत पिकत नाही, गाव वसत नाही. माणूस तिथे मूळचा राहणारा नव्हे. तिथे केलेल्या प्रत्येक कामाची किंमत अवाच्या सवा असते आणि फळ बहुधा दूरचे असते. म्हणून उपयोगाचा प्रश्न तिथे जितका उघडा उभा राहतो, तितका आपल्या अंगणात राहत नाही.

कॅप्टन रॉबर्ट स्कॉट यांची तुकडी १९१० साली 'टेरा नोव्हा' जहाजातून अंटार्क्टिकाकडे निघाली. दक्षिण ध्रुव गाठण्याच्या शर्यतीतील हरलेली तुकडी म्हणून जग तिला ओळखते. पण त्या जहाजावर प्राणिशास्त्रज्ञ, भूवैज्ञानिक, हवामानतज्ज्ञ अशी अभ्यासकांची चांगली मोठी मंडळी होती. त्यांचे प्रमुख डॉ. एडवर्ड विल्सन हे वैद्य होते, पक्षितज्ज्ञ होते, उत्तम चित्रकार होते आणि मनापासून प्रार्थना करणारे अँग्लिकन ख्रिस्ती होते. त्यांच्या मनात एका पक्ष्याच्या अंड्याने घर केले होते.

तो पक्षी म्हणजे सम्राट पेंग्विन. सारी सृष्टी ज्या वेळी निवारा शोधते, त्या ऐन हिवाळ्याच्या काळोखात हा पक्षी गोठलेल्या समुद्रावर अंडे घालतो. नर ते अंडे आपल्या पायांवर घेऊन, पोटाच्या कातडीच्या घडीखाली झाकून, सुमारे दोन महिने उपाशी उभा राहतो. त्या काळच्या पुष्कळ शास्त्रज्ञांचा असा समज होता की गर्भ वाढताना आपल्या जातीच्या साऱ्या पूर्वेतिहासाची उजळणी करतो. पेंग्विन हा पक्ष्यांतील अतिप्राचीन प्रकार असावा, असाही एक समज होता. तेव्हा त्याच्या अंड्यातील कोवळा गर्भ तपासला, तर सरपटणाऱ्या प्राण्यांपासून पक्षी कसे झाले आणि खवल्यांतून पिसे कशी उगवली, याचा उलगडा होईल, अशी विल्सन यांना आशा होती. पण तसा गर्भ हवा असेल तर ऐन हिवाळ्यातच जायला हवे.

२७ जून १९११ रोजी विल्सन, लेफ्टनंट हेन्री बाउअर्स आणि पंचवीस वर्षांचे ॲप्स्ली चेरी-गॅरार्ड असे तिघे केप इव्हान्स येथील तळावरून निघाले. पेंग्विनांची वसाहत केप क्रोझियर येथे, सुमारे ११० किलोमीटर दूर होती. सूर्य उगवतच नव्हता. दोन स्लेजगाड्यांवर मिळून ३४० किलोंच्या आसपास ओझे होते आणि ओढायला ही तीन माणसे. बर्फ इतका खरखरीत झाला होता की दोन्ही गाड्या एकदम हलेनात. मग एक गाडी पुढे न्यायची, मेणबत्तीच्या उजेडात आपल्याच पावलांचे ठसे शोधत मागे यायचे आणि दुसरी न्यायची. एक किलोमीटर पुढे सरकण्यासाठी तीन किलोमीटर चालणे आले. पारा उणे ६० अंश सेल्सिअसच्याही खाली उतरला. अंगातील घाम कपड्यांत गोठे. झोपण्याच्या कातडी पिशव्या लाकडासारख्या ताठ होत आणि त्यांत शिरायलाच बराच वेळ लागे. थंडीने कडकडा वाजून चेरी-गॅरार्ड यांच्या दातांचे तुकडे पडले.

केप क्रोझियरला त्यांनी दगड रचून एक खोपटे उभारले आणि अंधारात कडे उतरून पाच अंडी मिळवली. त्यांतील दोन परतीच्या चढणीत फुटली. मग हिमवादळ आले. प्रथम तंबू उडाला, आणि पाठोपाठ खोपट्याचे कापडी छप्पर फाटून गेले. तंबूवाचून परतणे म्हणजे मरण, हे तिघांनाही ठाऊक होते. उघड्यावर, पिशव्यांत पडून, अंगावर बर्फ साचत असताना त्यांनी अधूनमधून भक्तिगीते म्हटली. वादळ ओसरल्यावर उताराच्या तळाशी तंबू जवळजवळ धड सापडला आणि ते वाचले. १ ऑगस्टला तिघे तळावर पोहोचले, तेव्हा त्यांच्यापाशी तीन अंडी होती.

या तीन अंड्यांचे पुढे काय झाले? चेरी-गॅरार्ड १९१३ मध्ये ती स्वतः लंडनच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात घेऊन गेले. तिथे आपल्याला ताटकळत बसावे लागले आणि साधी पावती मिळवण्यासाठी हटून राहावे लागले, असे त्यांनी पुढे १९२२ च्या आपल्या प्रवासग्रंथात लिहिले. गर्भांची तपासणी लांबत गेली. अखेर १९३४ च्या अहवालात निष्कर्ष निघाला की पेंग्विनच्या गर्भविकासाविषयीच्या ज्ञानात त्यांनी फारशी भर पडत नाही. तोवर ज्या सिद्धांतासाठी हा खटाटोप झाला, तो सिद्धांतही मागे पडला होता.

आता उपयोगाचा तराजू हाती घेणारा म्हणेल, "पाच आठवड्यांची यमयातना, आणि हाती आले काय? शून्य!" घटकाभर आपण त्याचे म्हणणे ऐकून घेऊ आणि याच विल्सन यांच्या दुसऱ्या ओझ्याकडे वळू.

१७ जानेवारी १९१२ रोजी स्कॉट, विल्सन, बाउअर्स, ओट्स आणि एडगर इव्हान्स हे पाच जण दक्षिण ध्रुवावर पोहोचले. नॉर्वेचे आमुन्सेन त्याआधीच, १४ डिसेंबर १९११ रोजी, तिथे आपला ध्वज रोवून परतले होते. निराशेचे आणि उपासमारीचे ओझे घेऊन पाचही जण माघारी निघाले. ८ फेब्रुवारीला बिअर्डमोर हिमनदीच्या काठी, बकली पर्वताच्या पायथ्याशी, वालुकाश्माचे कडे लागले. त्या कड्यांत दगडी कोळशाचे थर होते. विल्सन यांनी तिथे दगड निवडले आणि त्यांतल्या काहींवर पानांचे सुरेख ठसे होते. एकूण सुमारे १६ किलो दगड गाडीवर चढले. १७ फेब्रुवारीला इव्हान्स गेले. मार्चच्या मध्यास, पाय गोठलेले ओट्स आपल्यामुळे सोबत्यांना उशीर नको म्हणून तंबूबाहेर वादळात चालते झाले. उरलेले तिघे मार्चअखेर तंबूतच मरण पावले. १२ नोव्हेंबर १९१२ रोजी शोधपथकाला तो तंबू सापडला, आणि ते १६ किलो दगडही. मरणाच्या दारापर्यंत त्यांनी ते टाकले नव्हते.

केंब्रिजचे वनस्पतिशास्त्रज्ञ सीवर्ड यांनी ते दगड तपासून १९१४ साली अहवाल प्रसिद्ध केला. पानांचे ते ठसे ग्लोसोप्टेरिस या नष्ट झालेल्या वनस्पतीचे होते. या नावाचा ग्रीक अर्थ जिभेसारखे नेचे. सुमारे ३० ते २५ कोटी वर्षांपूर्वी तिची अरण्ये होती. जिथे आज गवताची काडी उगवत नाही, तिथे एके काळी दाट झाडी होती, हे त्या पानाने सांगितले.

इथे या कथेचा एक धागा आपल्या महाराष्ट्राशी येऊन जुळतो. हीच वनस्पती विदर्भात सापडते. चंद्रपूर आणि वर्धा खोऱ्यातील दगडी कोळसा त्याच युगातला आहे. नागपूरला स्कॉटिश मिशनरी रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांनी १८५० च्या दशकात धर्मकार्य सांभाळून आसपासच्या दगडखाणींतून पानांचे जीवाश्म जमवले. त्यांतील ग्लोसोप्टेरिसचे वर्णन १८६१ साली इंग्लंडमध्ये छापले गेले. आज नागपुरातील हिस्लॉप महाविद्यालय त्यांचे नाव चालवते. प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना १८६३ साली ते टाकळघाटाजवळ पुराच्या ओढ्यात बुडून मरण पावले. मध्य भारतातील या खडकांना भूवैज्ञानिकांनी गोंडांच्या प्रदेशावरून 'गोंडवन' असे नाव दिले. आणि भारत, आफ्रिका अशा दूरदूरच्या भूभागांत हीच वनस्पती आढळते हे पाहून ऑस्ट्रियाचे एडुआर्ड झ्यूस यांनी १८८५ साली एका प्राचीन महाखंडाची कल्पना मांडली आणि त्याला 'गोंडवनभूमी' म्हटले. विल्सन यांच्या दगडांनी त्या जुन्या घराण्यात अंटार्क्टिकाची भर घातली. भूखंड एकमेकांपासून सरकत गेले, ही कल्पना शास्त्रज्ञांनी सर्वसाधारणपणे मान्य केली ती १९६० च्या दशकात. त्या निर्णयामागच्या साक्षीपुराव्यांत हे पानही होते. ज्यांनी ते ओढून आणले, त्यांना यातले काहीच पाहायला मिळाले नाही.

इथे एक सोपे तात्पर्य काढण्याचा मोह होतो. अंडी वाया गेली, दगडांनी ती उणीव भरून काढली, म्हणजे एकंदर हिशेब जुळला! आम्हांला हे तात्पर्य पुरेसे वाटत नाही. समजा, त्या दगडांवर पानाचा ठसाच नसता, तर ते ओढणे मूर्खपणाचे ठरले असते काय? आणि अंडी गोळा करणारे विल्सन व दगड गोळा करणारे विल्सन अशी दोन माणसे होती काय? माणूस एकच, निष्ठा एकच, काळजीही तीच. कोणत्या ओझ्याला पुढे किंमत येईल, हे ओझे उचलताना त्यांना कळण्याजोगे नव्हते. फळावरून श्रमाची नैतिक किंमत ठरवायची, तर एकाच माणसाला एकाच प्रकारच्या कामासाठी जुलैत वेडा आणि फेब्रुवारीत शहाणा म्हणावे लागेल. हा न्याय विचित्र आहे.

मग त्यांच्या हाती काय होते? आमच्या मते एवढेच होते की जे पाहिले ते खरेपणाने पाहावे, जसे पाहिले तसेच लिहावे, जे उचलले त्याची जपणूक करावी, आणि आपल्या आवडत्या कल्पनेला अनुकूल तेवढेच निवडू नये. हे त्यांनी केले. म्हणूनच वीस-बावीस वर्षांनी एखादा अभ्यासक त्या गर्भांकडे पाहून निःशंकपणे सांगू शकला की यातून फारसे काही निघत नाही. हे सांगता येणे हेसुद्धा ज्ञानच आहे. एका दारावर थाप मारून आत कोणी नाही याची खात्री करून घेतली, की पुढच्या वाटसरूला तिथे थांबावे लागत नाही. मात्र थाप मारणारा खोटे बोलला, कोणी नसताना आतून आवाज आल्याचे त्याने सांगितले, तर पुढच्या कित्येक वाटसरूंची वाट चुकते. निष्फळ पण प्रामाणिक श्रम आणि लबाडीने सफल दाखवलेले श्रम यांत पहिले श्रेष्ठ, हे प्रयोगशाळेत जितके खरे, तितकेच शाळेच्या परीक्षेत, धंद्यात आणि संसारात खरे आहे.

याचा अर्थ फळाची इच्छाच धरू नये असा नव्हे. विल्सन यांना फळ हवे होते. ते नको असते तर ते काळोखात निघालेच नसते. शेतकरी पेरतो ते पीक यावे म्हणूनच. प्रभू येशूने सांगितलेल्या दाखल्यातील पेरणाऱ्यालाही पीक हवेच होते, तरी त्याचे काही बी वाटेवर आणि खडकाळ जमिनीवर पडले. फळ इच्छावे, पण ते आपल्याच ओंजळीत आणि आपल्याच हयातीत पडावे, असा हक्क सांगू नये. हा भेद सूक्ष्म वाटेल, पण माणूस अपयशाने मोडून पडतो की नाही, हे पुष्कळदा त्यावरच ठरते.

इथवर आमच्याबरोबर आलेल्या वाचकांच्या मनात एक शंका आली असेल, आणि ती रास्त आहे. हा विचार हट्टाला पांघरूण घालणार नाही काय? "फळ माझ्या हाती नाही" असे म्हणत माणूस स्वतःला आणि इतरांना खाईत लोटू शकतो. म्हणून या विचाराला एक कुंपण लागते, आणि ते कुंपणही आम्हांला त्याच बर्फात दिसते.

तिघांतील धाकटे चेरी-गॅरार्ड ध्रुवाच्या अंतिम वाटचालीत नव्हते. मार्च १९१२ मध्ये कुत्र्यांच्या गाड्यांसह त्यांना 'वन टन' नावाच्या अन्नसाठ्यापर्यंत पाठवण्यात आले. ते तिथे सुमारे आठवडाभर थांबले. हवा वाईट होती, कुत्र्यांचा शिधा बेताचा होता, कुत्र्यांना धोक्यात घालू नये असा आदेश होता, आणि दिशाशोधनाचे ज्ञान त्यांना पुरेसे नव्हते. १० मार्चला ते परत फिरले. स्कॉट यांचा शेवटचा तंबू पुढे त्या साठ्यापासून सुमारे २० किलोमीटरवर सापडला. चेरी-गॅरार्ड १९५९ पर्यंत जगले, पण "आपण थोडे आणखी पुढे गेलो असतो तर?" या प्रश्नाने त्यांची पाठ सोडली नाही. त्यांनी आज्ञा पाळली होती. त्यांना दोष देता येत नाही. तरीही त्या कामाची किंमत त्यांच्या मनाने पुढची ४७ वर्षे चुकती केली. मोहिमेच्या जमाखर्चात ही किंमत कुठेच लिहिलेली नसते.

दुसरे उदाहरण उत्तरेकडचे, ग्रीनलंडच्या हिमपठारावरचे. भूखंड सरकतात हा सिद्धांत जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर यांनी जानेवारी १९१२ मध्ये पहिल्यांदा मांडला. म्हणजे स्कॉट ध्रुवाच्या जवळ पोहोचत होते, त्याच दिवसांत. बहुसंख्य भूवैज्ञानिकांनी तो धुडकावला. हेच वेगेनर १९३० साली ग्रीनलंडच्या मध्यभागी बर्फाची जाडी आणि हवामान यांचा अभ्यास करणाऱ्या मोहिमेचे प्रमुख होते. किनाऱ्यापासून सुमारे ४०० किलोमीटर आत दोन सहकारी हिवाळ्यासाठी थांबले होते आणि त्यांचा पुरवठा अपुरा होता. वेगेनर स्वतः त्यांच्यासाठी निघाले. वाटेत थंडी इतकी वाढली की बरोबरच्या ग्रीनलंडवासीयांपैकी एक सोडून बाकी सारे परत फिरले. न फिरलेल्या त्या तरुणाचे नाव रासमुस विल्लुमसेन. ते मधल्या तळावर पोहोचले, आणि १ नोव्हेंबरला, आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी, वेगेनर विल्लुमसेनसह परतीला लागले. दोघेही किनाऱ्यावर पोहोचले नाहीत. १२ मे १९३१ रोजी वेगेनर यांचा देह सापडला. तो नीट गुंडाळून, बर्फात काळजीपूर्वक पुरलेला होता आणि जागा कळावी म्हणून वर बर्फावर चालायच्या स्की-पट्ट्या उभ्या केल्या होत्या. हे विल्लुमसेनचे शेवटचे काम. तो पुढे निघाला, तो कोणालाच सापडला नाही.

वेगेनर यांचे नाव आज शाळेतली मुलेही जाणतात. विल्लुमसेनचे नाव किती जणांना माहीत आहे? सिद्धांत त्याचा नव्हता, कीर्ती त्याची होणार नव्हती. शेवटच्या क्षणी एका मृत माणसाला सन्मानाने निरोप देण्याइतके भान मात्र त्याने राखले. वेगेनर यांना आम्ही दोषी ठरवीत नाही; ते सहकाऱ्यांना वाचवायला निघाले होते, आणि जे संकट इतरांवर आले ते त्यांनी स्वतःवरही घेतले. पण या उदाहरणातून मर्यादा कळते. अनिश्चित फळासाठी मी माझे आयुष्य वेचीन, हे म्हणण्याचा अधिकार मला आहे. तुझे आयुष्य वेचीन, हे म्हणण्याचा नाही. माणूस ही कोणत्याही ज्ञानाची शिधासामग्री नव्हे. त्याने आपखुशीने साथ दिली, तरी त्याचे नाव ऋणाच्या वहीत ठळक अक्षरांत लिहिले गेले पाहिजे.

या दोन उदाहरणांवरून ध्रुवप्रदेशातील विज्ञान म्हणजे केवळ मरणाच्या कथा, असा समज होण्याचा संभव आहे. तो दूर करायला हवा. तिथल्या श्रमाचे नेहमीचे रूप फार साधे, किंबहुना कंटाळवाणे आहे. ब्रिटिशांनी १९५६ साली अंटार्क्टिकात हॅली येथे केंद्र उभारले. आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाच्या निमित्ताने तिथे इतर नोंदींबरोबर डोक्यावरच्या हवेतील ओझोन वायूचेही मोजमाप सुरू झाले. पाळीने येणारी माणसे यंत्राजवळ उभी राहून आकडे टिपत. पुढल्या वर्षी दुसरी येत आणि तेच करीत. पंचवीस वर्षे कोणतीही खळबळजनक गोष्ट घडली नाही. यांपैकी एखाद्याच्या आईने पत्रातून विचारले असते, "बाळा, तिथे तू नेमके काय करतोस आणि त्याचा उपयोग काय?" तर त्याला काय उत्तर देता आले असते?

१९८० च्या सुमारास वसंत ऋतूतील आकडे घसरू लागलेले दिसले. आधी यंत्रावरच संशय घेतला गेला. दुसरे यंत्र आणून पडताळा पाहिला. घसरण खरी होती. जोसेफ फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन यांनी मे १९८५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात ते प्रसिद्ध केले. तिथला ऑक्टोबरमधील ओझोन तिसऱ्या हिश्शाहूनही अधिक घटला होता. शीतकपाटांत आणि फवाऱ्यांच्या डब्यांत वापरले जाणारे क्लोरोफ्लुरोकार्बन वायू त्याला कारण, हे पुढे सिद्ध झाले. ज्या थरामुळे सूर्याच्या घातक किरणांपासून पिकांचे, प्राण्यांचे आणि आपल्या मुलाबाळांच्या कातडीचे रक्षण होते, तोच विरत होता. १६ सप्टेंबर १९८७ रोजी मॉन्ट्रियल येथे राष्ट्रांनी त्या वायूंना आळा घालण्याचा करार केला. आज तो थर हळूहळू भरून येत आहे.

हे शक्य झाले ते १९८५ च्या लेखामुळे, हे खरे. पण त्याहून मागे गेले, तर ते शक्य झाले त्या पंचवीस वर्षांच्या नीरस आकड्यांमुळे. पूर्वी किती होते हे कोणी लिहूनच ठेवले नसते, तर आता कमी झाले हे कळलेच नसते. ज्यांनी ते आकडे टिपले, त्यांतील बहुतेकांना आपण काही विशेष केले असे कधी वाटलेही नसेल. विधवेच्या दोन नाण्यांचे मोल धनवंतांच्या दानाहून अधिक कसे, हे आपण मिस्सेत ऐकतो. पण रोजच्या कामाच्या बाबतीत ते विसरतो.

आता आपल्या देशाचाही तिथे वाटा आहे. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखालील पहिली भारतीय मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली आणि जानेवारी १९८२ मध्ये अंटार्क्टिकाला पोहोचली. १९८३-८४ च्या मोहिमेत भूवैज्ञानिक डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता यांच्यासह नागपूरच्या डॉ. अदिती पंत होत्या. तिथे काम करणाऱ्या या पहिल्या भारतीय स्त्रिया. त्या वेळी उभारलेले 'दक्षिण गंगोत्री' केंद्र काही वर्षांतच बर्फाखाली गाडले गेले. १९८९ पासून 'मैत्री' आणि २०१२ पासून 'भारती' ही केंद्रे काम करीत आहेत, आणि या साऱ्याची सूत्रे गोव्यात वास्को येथील राष्ट्रीय संस्थेतून हलतात. गोंडवनभूमीच्या काळात भारताचा पूर्व किनारा जिथे अंटार्क्टिकाला चिकटलेला होता, त्याच भागातल्या टेकड्यांवर 'भारती' उभे आहे.

कुंपणाविषयी आम्ही जे म्हटले, तेही आता तिथे नियमांच्या रूपाने आले आहे. १९५९ च्या कराराने तो भूखंड केवळ शांततेच्या कामांसाठी राखून ठेवला. १९९१ च्या माद्रिद मसुद्याने तिथे खाणकामाला बंदी केली. तिथल्या प्राण्यांना इजा होऊ नये म्हणून स्लेज ओढणारी कुत्रीही १९९४ पर्यंत परत नेण्यात आली. तिथे जाणाऱ्याला आपला कचरा बहुतांशी परत आणावा लागतो. एकट्याने केंद्र सोडून जाण्याची मुभा सहसा नसते, आणि हवा बिघडली तर काम कितीही महत्त्वाचे असले तरी थांबवले जाते. विल्सन यांच्या काळातील माणसांपेक्षा आजची माणसे कमी धाडसी आहेत, असे यावरून कोणी म्हणेल. आम्हांला ही माणुसकीची प्रगती वाटते.

असो. ज्या प्रश्नापासून आम्ही निघालो, त्याकडे परत येऊ. "याचा उपयोग काय?" हा प्रश्न टाकून द्यावा, असे आमचे म्हणणे नाही. त्याच्याआधी आणखी दोन प्रश्न विचारावेत, एवढीच आमची विनंती आहे. पहिला, हे काम खरेपणाने होत आहे काय? दुसरा, त्याची किंमत कोण मोजतो आहे, आणि ती त्याने आपखुशीने मोजली आहे काय? या दोहोंची उत्तरे समाधानकारक असली, तर तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आजच मिळाले नाही म्हणून काम थांबवण्याचे कारण नाही. आणि पहिल्या दोहोंची उत्तरे वाईट असली, तर उपयोगाचा आकडा कितीही मोठा असो, ते काम आपले नव्हे.

आपल्या धर्मग्रामांत अशी कामे करणारे पुष्कळ जण आहेत. अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांची शुश्रूषा वर्षानुवर्षे करणारी सून आहे; ते बरे होणार नाहीत हे ती जाणते. मागे पडलेल्या मुलाला पुन्हा पुन्हा तीच बेरीज शिकवणाऱ्या शिक्षिका आहेत. मृत्यू-विवाहांच्या जुन्या नोंदवह्या स्वच्छ अक्षरांत उतरवून ठेवणारे वृद्ध लेखनिक आहेत. त्यांच्या हातून जाते ते अंडे आहे की पानाचा ठसा असलेला दगड, हे त्यांना ठाऊक नाही, आणि आपल्यालाही नाही. त्यांना उपयोग विचारण्यापूर्वी आपण त्यांच्या ओझ्याला क्षणभर हात लावून पाहावा. ते एकट्यानेच ओढण्याइतके हलके आहे काय, हे तरी कळेल. आणि उद्या घरातली मुलगी पक्ष्यांची वही घेऊन बसली, तर तिला वहीत तारीख घालायला आणि जे दिसेल तेच लिहायला सांगावे. पुढचे पुढे.